एनएफएलचा संघ सॅलरी कॅप कसा सांभाळतो: नव्याने बघणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

मार्च 2024 मध्ये एनएफएल या अमेरिकी फुटबॉलच्या लीगमधल्या डेन्व्हर ब्रॉन्कोसने आपला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ल्याची सूत्रं सांभाळणारा खेळाडू) रसेल विल्सन याला करारातून मोकळं केलं. तो पिट्सबर्गच्या संघात गेला आणि तिथे 12 लाख 10 हजार डॉलरच्या किमान पगारावर खेळला. डेन्व्हरच्या हिशेबात मात्र त्याच्या नावावर सुमारे साडेआठ कोटी डॉलर लागले: 2024 मध्ये 5 कोटी 30 लाख आणि 2025 मध्ये 3 कोटी 20 लाख. 2024 साठी प्रत्येक संघाची पगारमर्यादा होती 25 कोटी 54 लाख. म्हणजे मर्यादेचा पाचवा हिस्सा अशा माणसापायी गेला, जो दुसऱ्याच संघाची जर्सी घालून मैदानात उतरत होता. आणि तरीही ब्रॉन्कोस त्या मोसमात 10 सामने जिंकून प्लेऑफमध्ये पोहोचले.

या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात कशा घडतात, हे कळायचं तर सॅलरी कॅपचा, म्हणजे या पगारमर्यादेचा, हिशेब कळावा लागतो. न्यू जर्सी, डॅलस किंवा बे एरियात राहायला गेलेले अनेक मराठी लोक ऑफिसातल्या सोमवारच्या गप्पांमुळे अमेरिकी फुटबॉल बघू लागतात. खेळाचे नियम महिन्याभरात अंगवळणी पडतात. मग मार्च येतो, सामने नसतात, आणि तरी सगळे ‘कॅप हिट’, ‘डेड मनी’, ‘रिस्ट्रक्चर’ असं काहीतरी बोलत असतात. हा लेख त्या मार्चसाठी आहे. बेरीज, वजाबाकी आणि भागाकार यांच्यापलीकडचं गणित यात नाही.

पायरी 1: मर्यादा कुठून येते ते आधी बघा

एनएफएलमध्ये 32 संघ आहेत आणि सगळ्यांना एकच मर्यादा आहे. ही पद्धत 1994 मध्ये सुरू झाली, तेव्हा आकडा होता 3 कोटी 46 लाख डॉलर. 2025 मध्ये तो 27 कोटी 92 लाखांवर गेला. मर्यादा लागू व्हायच्या आदल्या वर्षी, 1993 मध्ये, खेळाडूंना करार संपल्यावर हव्या त्या संघात जायचं खरं स्वातंत्र्य मिळालं होतं. कोर्टकचेऱ्यांनंतर मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात जो समझोता झाला, त्याच्या या दोन बाजू: खेळाडूंना मोकळीक आणि मालकांना मर्यादा.

आकडा कोणी मनाने ठरवत नाही. टीव्हीचे हक्क, तिकिटं, जाहिरातदार, माल विक्री अशा लीगच्या एकूण उत्पन्नातला ठरावीक वाटा खेळाडूंचा असतो. 2020 च्या सामूहिक करारानुसार तो किमान 48 टक्के आहे. त्यातून पेन्शन, वैद्यकीय खर्च वगैरे वजा करायचे आणि उरलेल्याला 32 ने भागायचं, असा साधारण हिशेब. म्हणूनच कोविडमध्ये प्रेक्षागृहं रिकामी राहिली, तेव्हा 2020 चा 19 कोटी 82 लाखांचा आकडा 2021 मध्ये 18 कोटी 25 लाखांवर घसरला. पुढे 2023 पासून टीव्हीचे नवे करार लागू झाले, 11 वर्षांचे आणि एकूण सुमारे 11 हजार कोटी डॉलरचे, आणि मर्यादा झपाट्याने चढत गेली.

ही मर्यादा कडक आहे. अमेरिकी बास्केटबॉलमध्ये मर्यादा ओलांडून वर दंडाचा कर भरता येतो. इथे तशी सोय नाही. मर्यादेत न बसणारा करार लीगचं कार्यालय मंजूरच करत नाही. खालच्या बाजूनेही बंधन आहे: काही वर्षांचा गट धरून संघाने ठरावीक प्रमाणात रोख पैसा खेळाडूंवर खर्च केलाच पाहिजे, नुसता नफा खिशात घालता येत नाही.

मला ही व्यवस्था मनापासून आवडते, आणि त्याचं कारण ग्रीन बे. विस्कॉन्सिनमधलं हे लाखभर वस्तीचं गाव. तिथल्या पॅकर्स संघाचे मालक म्हणजे त्याचे शेअर घेतलेले लाखो सामान्य लोक. न्यू यॉर्क, लॉस एंजलिससारख्या शहरांतल्या संघांशी हे गाव बरोबरीने लढतं, कारण टीव्हीचा पैसा सगळ्यांना सारखा वाटला जातो आणि पगारावर कोणी कोणाला चिरडू शकत नाही.

पायरी 2: आयपीएलची सवय बाजूला ठेवा

आपल्याकडचा प्रेक्षक कॅप म्हटलं की आयपीएलच्या लिलावातली पर्स आठवतो. 2025 च्या लिलावासाठी प्रत्येक संघाकडे 120 कोटी रुपये होते; खेळाडू 18 कोटींना घेतला की पर्समधून 18 कोटी गेले. सरळ वजाबाकी. एनएफएलमध्ये खेळाडूच्या हातात यंदा पडलेली रक्कम आणि संघाच्या मर्यादेतून यंदा वजा झालेली रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिलीला ‘कॅश’ म्हणतात, दुसरीला ‘कॅप हिट’. हा फरक डोक्यात बसला की अर्धं काम झालं. पुढच्या सगळ्या क्लृप्त्या या दोन आकड्यांमधल्या अंतरावर चालतात.

पायरी 3: एक करार कागदावर मांडा

इथे जरा थांबा आणि खरंच कागद घ्या. समजा एका लाइनबॅकरने (बचाव फळीतल्या खेळाडूने) चार वर्षांचा 6 कोटी डॉलरचा करार केला. बातमीत एवढंच येईल. आत मात्र असं असेल: सही करताना मिळणारा साइनिंग बोनस 2 कोटी, आणि मूळ पगार पहिल्या वर्षी 20 लाख, दुसऱ्या वर्षी 80 लाख, तिसऱ्या वर्षी 1 कोटी 40 लाख, चौथ्या वर्षी 1 कोटी 60 लाख.

नियम असा, की मूळ पगार ज्या वर्षाचा त्या वर्षी मोजायचा. साइनिंग बोनस खेळाडूला लगेच मिळतो, पण कॅपच्या हिशेबात तो कराराच्या वर्षांवर समान वाटला जातो, जास्तीत जास्त पाच वर्षांवर. इथे 2 कोटी भागिले चार, म्हणजे दर वर्षी 50 लाख. मग कॅप हिट येते पहिल्या वर्षी 70 लाख, दुसऱ्या वर्षी 1 कोटी 30 लाख, तिसऱ्या वर्षी 1 कोटी 90 लाख आणि चौथ्या वर्षी 2 कोटी 10 लाख. बेरीज करून बघा, 6 कोटीच भरते.

पहिल्या वर्षी खेळाडूला रोख मिळाले 2 कोटी 20 लाख आणि संघाच्या मर्यादेतून गेले फक्त 70 लाख. फिलाडेल्फिया ईगल्सने एप्रिल 2023 मध्ये क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सशी पाच वर्षांचा 25 कोटी 50 लाखांचा करार केला, तेव्हा त्याची पहिल्या वर्षाची कॅप हिट 61 लाखांच्या आसपास होती. एवढा मोठा करार करूनही त्या वर्षी बाकीचा संघ उभा करायला पैसे कसे उरले, याचं उत्तर इथे आहे.

आता बातमीतल्या मोठ्या आकड्याबद्दल. त्यातला मूळ पगार बहुतेक वेळा हमीचा नसतो. म्हणजे तिसऱ्या वर्षाआधी संघाने या लाइनबॅकरला काढलं, तर राहिलेले 3 कोटी त्याला मिळणारच नाहीत. हाडं मोडणाऱ्या या खेळात ही गोष्ट मला कायम खटकते. म्हणून नव्या प्रेक्षकाने करार वाचताना ‘एकूण किती’ सोडून ‘हमी किती’ हा आकडा आधी शोधावा. डेशॉन वॉटसनला क्लीव्हलंड ब्राउन्सने मार्च 2022 मध्ये पाच वर्षांचे 23 कोटी दिले आणि सगळेच्या सगळे हमीचे दिले, तेव्हा बाकीचे मालक अस्वस्थ झाले ते याचमुळे.

पायरी 4: डेड मनी

वरच्या उदाहरणातला खेळाडू दोन वर्षांनी काढला असं धरा. त्याचा पगार वाचला. पण बोनसचे 50-50 लाखांचे दोन भाग अजून कॅपमध्ये मोजायचे राहिले आहेत. तो पैसा त्याला कधीच देऊन झालाय. ते दोन्ही भाग एकदम यंदाच्या हिशेबात येतात, 1 कोटी. हा झाला डेड मनी. हप्त्यावर घेतलेला फ्रिज विकून टाकला तरी उरलेले हप्ते भरावेच लागतात, तसं.

पण म्हणून काढणं तोट्याचंच असतं असं समजू नका. ठेवला असता तर तिसऱ्या वर्षी 1 कोटी 90 लाख लागले असते, काढला तर 1 कोटी. म्हणजे 90 लाख मोकळे झाले. तोच खेळाडू पहिल्याच वर्षानंतर काढला असता तर डेड मनी 1 कोटी 50 लाख आणि ठेवण्याचा खर्च 1 कोटी 30 लाख. काढणं 20 लाखांनी महाग. म्हणूनच सुमार खेळणारा एखादा खेळाडू दुसऱ्या वर्षीही संघात दिसतो आणि तिसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये अचानक नाहीसा होतो. चाहते प्रशिक्षकाला बोल लावतात, पण निर्णय दोन वर्षांपूर्वीच्या सहीने झालेला असतो.

खेळाडू दुसऱ्या संघाला विकला तरी हेच. नव्या संघाकडे पुढचे पगार जातात, बोनसचा उरलेला भार जुन्या संघाकडेच राहतो. 2021 मध्ये ईगल्सनी कार्सन वेन्ट्झला इंडियानापोलिसला दिलं आणि 3 कोटी 38 लाखांचा डेड मनी अंगावर घेतला. ईगल्स त्याच वर्षी प्लेऑफला गेले आणि पुढच्या मोसमात सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, पोहोचले, कारण त्यांचा नवा क्वार्टरबॅक हर्ट्स तेव्हा ड्राफ्टच्या (संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडायच्या कार्यक्रमाच्या) दुसऱ्या फेरीतल्या नवख्याच्या पगारावर खेळत होता.

1 जूनची तारीखही लक्षात ठेवा. त्या तारखेनंतर खेळाडू काढला, तर यंदा फक्त यंदाचा भाग मोजतात आणि उरलेला पुढच्या वर्षी ढकलता येतो. आमच्या उदाहरणात यंदा 50 लाख, पुढच्या वर्षी 50 लाख. संघाला दर वर्षी दोन खेळाडू मार्चमध्येच काढून ‘1 जूननंतर काढला असं समजा’ असं म्हणायची मुभा आहे, फक्त त्यातून मोकळी होणारी जागा जून उजाडल्यावरच वापरता येते. विल्सनचे साडेआठ कोटी दोन वर्षांत विभागले गेले ते याच मुभेमुळे.

पायरी 5: रिस्ट्रक्चर, म्हणजे भार पुढे ढकलणं

‘अमुक खेळाडूने संघासाठी पगार कमी केला’ अशी बातमी वाचली की सावध व्हा. बहुतेक वेळा त्याने एक पैसाही सोडलेला नसतो.

आपल्या लाइनबॅकरचं तिसरं वर्ष घ्या. पगार 1 कोटी 40 लाख. संघ त्याला म्हणतो, यातले 20 लाख पगार म्हणून ठेवू, 1 कोटी 20 लाख आत्ताच बोनस म्हणून देतो. खेळाडू आनंदाने हो म्हणतो; पैसे मोसमात आठवड्याआठवड्याला मिळायचे ते आधीच मिळाले आणि परत जायची भीती गेली. संघाच्या हिशेबात तो नवा बोनस उरलेल्या दोन वर्षांवर 60-60 लाख असा वाटला जातो. तिसऱ्या वर्षाची हिट 1 कोटी 90 लाखांवरून 1 कोटी 30 लाखांवर आली. चौथ्या वर्षाची मात्र 2 कोटी 70 लाख झाली.

दोनच वर्षं उरली असतील तर फायदा मर्यादित. तेव्हा येतात ‘व्हॉइड इयर्स’. करारात शेवटी तीन वर्षं अशी जोडतात, जी कोणी खेळणार नसतं. ती आपोआप रद्द होणार हे सहीच्या दिवशीच लिहिलेलं असतं. उपयोग एवढाच, की बोनस वाटायला पाच वर्षं मिळतात. मग 1 कोटी 20 लाखांचे 24 लाखांचे पाच भाग होतात. तिसऱ्या वर्षाची हिट 94 लाख, चौथ्याची 2 कोटी 34 लाख, आणि करार संपला की उरलेले तीन भाग, 72 लाख, एकदम डेड मनी म्हणून उभे राहतात. टॉम ब्रेडी 2023 च्या सुरुवातीला निवृत्त झाला, तेव्हा टॅम्पा बे बकनियर्सच्या त्या वर्षाच्या कॅपमध्ये सुमारे साडेतीन कोटी त्याच्या नावावर होते. पण फेब्रुवारी 2021 ची सुपर बोल जिंकल्यावर अशाच करारांच्या जोरावर त्यांनी पुढच्या मोसमात तोच संघ जवळजवळ जसाच्या तसा मैदानात उतरवला. टॅम्पाचा एकही चाहता तो व्यवहार तोट्याचा म्हणणार नाही.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो. पैसा पुढे ढकलणं हे आपोआप वाईट नाही. मर्यादा दर वर्षी वाढत असेल तर आजचे 24 लाख तीन वर्षांनी मर्यादेच्या कमी टक्क्यात बसतात. वाईट होतं ते चुकीच्या माणसाचा पैसा ढकलल्यावर. न्यू ऑर्लीन्स सेंट्सनी वर्षानुवर्षं हे केलं. क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझ असताना त्याला अर्थ होता, कारण जिंकायची संधी समोर होती. 2021 मध्ये ब्रीझ निवृत्त झाला, त्याच वर्षी कोविडने मर्यादा खाली आली, आणि संघाला जवळपास 10 कोटींचा खड्डा बुजवावा लागला. त्यांनी तो पुन्हा ढकलूनच बुजवला. वयस्क खेळाडूंचे करार पुढे सरकत राहिले आणि संघ ना वर गेला ना मोडून नव्याने उभा राहिला. उलट ईगल्सचे जनरल मॅनेजर हावी रोझमन हीच हत्यारं पंचविशीच्या आसपासच्या खेळाडूंवर वापरतात. 2024 च्या मार्च-एप्रिलमध्ये त्यांनी लँडन डिकरसन, जॉर्डन मायलाटा आणि डेव्हॉन्टा स्मिथ यांचे करार मुदतीआधीच वाढवले. खेळाडू चांगला राहिला तर पुढे ढकललेला पैसा कधी बोचत नाही.

उशीर केला की काय होतं त्याचं उदाहरण डॅलस काउबॉयजचं. डॅक प्रेस्कॉटशी बोलणी लांबवत लांबवत शेवटी सप्टेंबर 2024 मध्ये वर्षाला 6 कोटी या दराने चार वर्षांचा करार झाला. बचावपटू मायका पार्सन्सशी जमलंच नाही. ऑगस्ट 2025 मध्ये तो ग्रीन बेला गेला आणि तिथे त्याने चार वर्षांचा 18 कोटी 80 लाखांचा करार केला.

पायरी 6: फेब्रुवारी-मार्चचं वेळापत्रक

सुपर बोल संपली की दोन आठवड्यांच्या आत संघांची धावपळ सुरू होते. क्रम असा चालतो.

आधी गेल्या वर्षी न वापरलेली रक्कम पुढे आणतात. मर्यादेतले 2 कोटी शिल्लक राहिले तर ते पुढच्या वर्षाच्या मर्यादेत जमा करता येतात, त्यामुळे प्रत्येक संघाची खरी मर्यादा थोडी वेगळी निघते. मग लीग नव्या वर्षाचा आकडा जाहीर करते. त्यापाठोपाठ फ्रँचायझी टॅगची मुदत असते. करार संपलेल्या एका खेळाडूला संघ हा टॅग लावून एका वर्षासाठी अडवू शकतो. त्याबदल्यात त्याच्या जागेवरच्या सर्वाधिक पगाराच्या पाच खेळाडूंच्या हिशेबाने, किंवा त्याच्या आधीच्या पगाराच्या 120 टक्के, जे जास्त असेल ते द्यावं लागतं. सगळी रक्कम हमीची, आणि सगळी त्याच वर्षाच्या कॅपमध्ये. वॉशिंग्टनने कर्क कझिन्सला 2016 आणि 2017 अशी सलग दोन वर्षं टॅग लावला. त्याने दोन्ही वर्षांचे मिळून सुमारे 4 कोटी 40 लाख घेतले आणि 2018 मध्ये मिनेसोटाला तीन वर्षांच्या 8 कोटी 40 लाखांच्या पूर्ण हमीच्या करारावर निघून गेला. संघाच्या दृष्टीने टॅग म्हणजे महागडी वेळकाढू उपाययोजना आहे. एकदा ठीक, दुसऱ्यांदा लावावा लागला तर आधीच करार का केला नाही हे विचारा.

मार्चच्या मध्यावर लीगचं नवं वर्ष सुरू होतं, न्यू यॉर्कच्या दुपारी 4 वाजता. पुण्यात तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो. त्या क्षणी प्रत्येक संघ मर्यादेच्या आत असलाच पाहिजे. आदल्या दोन दिवसांत संघांना इतर संघांच्या करार संपणाऱ्या खेळाडूंच्या एजंटांशी बोलायची परवानगी असते. म्हणूनच मोठ्या सह्यांच्या बातम्या वर्ष सुरू व्हायच्या आधीच फुटतात, आणि त्याच दोन दिवसांत रिस्ट्रक्चरच्या बातम्यांचाही पाऊस पडतो. एकीकडे जागा करायची, दुसरीकडे ती भरायची.

उन्हाळ्यात संघाकडे 90 पर्यंत खेळाडू असतात, पण मोसम सुरू होईपर्यंत मुख्यतः सर्वांत महाग 51 जणांचीच कॅप हिट मोजतात. सप्टेंबरमध्ये 53 जणांचा संघ, जखमी यादीतले, सराव पथकातले असे सगळे मोजले जातात. त्यामुळे ऑगस्टमध्ये ‘आमच्याकडे 50 लाख शिल्लक आहेत’ म्हणणारा संघ प्रत्यक्षात कफल्लक असतो. मोसमात कोणी ना कोणी जखमी होतंच, बदली खेळाडूला पगार लागतो, म्हणून शहाणे संघ काही रक्कम हातात ठेवूनच सप्टेंबरमध्ये उतरतात.

पायरी 7: स्वस्त खेळाडू, म्हणजे ड्राफ्ट

कॅपचं खरं सोनं इथे आहे. 2011 च्या सामूहिक करारापासून ड्राफ्टमधल्या नवख्यांचे पगार त्यांच्या क्रमांकानुसार जवळजवळ ठरलेलेच असतात, करार चार वर्षांचा, आणि पहिल्या तीन मोसमांत तो बदलून घ्यायला बंदी. पहिल्या फेरीतल्या खेळाडूसाठी संघाला पाचवं वर्षही राखता येतं.

ब्रॉक पर्डी 2022 च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटचा, 262 वा निवडला गेला. 2023 मध्ये त्याचा मूळ पगार होता 8 लाख 70 हजार डॉलर, आणि त्याने सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सना सुपर बोलपर्यंत नेलं. त्याच काळात इतर नावाजलेले क्वार्टरबॅक वर्षाला 4 ते 5 कोटी घेत होते. उरलेल्या पैशात सॅन फ्रान्सिस्कोने बाकीच्या जागांवर महागडे खेळाडू ठेवले. मे 2025 मध्ये पर्डीने पाच वर्षांचा 26 कोटी 50 लाखांचा करार केला आणि ती सोय संपली. डेन्व्हरची गोष्टही इथेच उलगडते: विल्सनचा डेड मनी सोसत असताना त्यांचा क्वार्टरबॅक होता बो निक्स, 2024 च्या ड्राफ्टमधला 12 वा, चार वर्षांचे मिळून 2 कोटींहून कमी.

म्हणून कुठल्याही संघाचा अंदाज घ्यायचा तर पहिला प्रश्न हा: क्वार्टरबॅक नवख्या करारावर आहे की मोठ्या? नवख्या करारावर असेल तर तीन-चार वर्षं जिंकायची खिडकी उघडी आहे, खर्च करा. मोठ्या करारावर असेल तर बाकी संघ ड्राफ्टमधून स्वस्तात उभा करावा लागतो, आणि आवडते खेळाडू सोडावे लागतात. कॅन्सस सिटी चीफ्सनी पॅट्रिक महोम्सशी 2020 मध्ये दहा वर्षांचा 45 कोटींचा करार केला. दोन वर्षांनी, मार्च 2022 मध्ये, त्यांनी रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) टायरीक हिलला मायामीला देऊन पाच पिक्स, म्हणजे ड्राफ्टमधल्या निवडी, घेतल्या. लोक हळहळले. त्या पिक्सच्या जोरावर बचावपटू ट्रेंट मॅकडफी आला, आणि चीफ्सनी फेब्रुवारी 2023 आणि फेब्रुवारी 2024 अशा दोन्ही सुपर बोल जिंकल्या. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला कॅपचा सर्वांत धाडसी निर्णय हाच.

खेळाडू गमावल्याचीही थोडी भरपाई असते. तुमचे चांगले खेळाडू करार संपून बाहेर गेले आणि तुम्ही बाहेरून तेवढे घेतले नाहीत, तर लीग तिसऱ्या ते सातव्या फेरीत जादा पिक देते. बाल्टिमोर रेव्हन्स वर्षानुवर्षं यावर नजर ठेवून आहेत.

आणखी दोन बारकावे

प्रोत्साहन रक्कम. ‘50 झेल घेतले तर 10 लाख’ असं करारात असेल तर बघायचं, गेल्या वर्षी त्याने किती घेतले. 60 घेतले असतील तर ते 10 लाख ‘होण्याजोगे’ मानून आत्ताच मोजतात. 40 घेतले असतील तर आत्ता मोजत नाहीत; यंदा 50 घेतले तर भार पुढच्या वर्षी येतो.

दुसरं, राज्याचा आयकर. टेक्सास आणि फ्लोरिडात तो नाही, कॅलिफोर्नियात चांगलाच आहे. कॅपला याचं काही नाही, आकडा सगळीकडे सारखाच. पण खेळाडूच्या हातात पडणारी रक्कम बदलते, आणि डॅलस-ह्यूस्टनला घर घेतलेल्या आयटीवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

नियम वाकवून बघणाऱ्यांचं काय होतं तेही ऐकून ठेवा. 2010 या एका वर्षी जुन्या कराराच्या शेवटी मर्यादा नव्हती. वॉशिंग्टन आणि डॅलसने त्या वर्षात मोठे आकडे कोंबून घेतले. 2012 मध्ये लीगने वॉशिंग्टनची 3 कोटी 60 लाखांची आणि डॅलसची 1 कोटीची जागा दोन वर्षांत मिळून कापली.

शेवटची पायरी: स्वतःचा तक्ता करा

एकच संघ निवडा, सगळे 32 नकोत. ‘ओव्हर द कॅप’ आणि ‘स्पॉट्रॅक’ या दोन संकेतस्थळांवर प्रत्येक खेळाडूचा करार वर्षावार मांडलेला फुकट बघायला मिळतो. सर्वांत मोठ्या दहा कॅप हिट उतरवून घ्या. प्रत्येकापुढे पाच रकाने करा: वय, यंदाची कॅप हिट, यंदाची रोख रक्कम, आज काढला तर डेड मनी, आणि करार कोणत्या वर्षी संपतो. डेड मनी कॅप हिटपेक्षा जास्त असेल तर त्या नावाखाली रेघ मारा. तो यंदा कुठेही जात नाही. डेड मनी खूप कमी असेल तर खूण करा. मार्चमध्ये त्याला फोन यायची शक्यता आहे. रोख रक्कम मोठी आणि हमीची, हिट मोठी आणि वय सत्ताविसच्या आत, असा कोणी सापडला तर रिस्ट्रक्चरचा पहिला उमेदवार तोच. वय बत्तीसच्या पुढे आणि करारात व्हॉइड इयर्स दिसली, तर त्या वर्षापुढे डेड मनीचा आकडा आत्ताच लिहून ठेवा. मग सगळ्यात खाली यंदाची मर्यादा, पुढे आणलेली शिल्लक, आधीचा डेड मनी आणि आजवरची बेरीज मांडा. हा तक्ता फेब्रुवारीत, लीगचा आकडा जाहीर व्हायच्या आत, तयार असू द्या.